आईने टेप लावून निवडलेली सिस्टीम

तीर्थरूप मामास,

तुझ्या एकुलत्या एक भाचीचा, म्हणजे चिमटीचा, वाकून नमस्कार. (खुर्चीत बसूनच वाकलेय, पण कपाळ टेबलाला टेकलं, तेव्हा धरून चाल.) आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुम्हीही बरेच असणार, नसतात तर मामीचा फोन आलाच असता. तुझा गुडघा कसा आहे? मामीने तुझं मीठ खरंच बंद केलंय, की तू ऑफिसात शेजारच्याच्या डब्यात हात घालतोस? बाबा छान आहेत. म्हणजे पेपर वाचतात आणि काहीही विचारलं की "हं" म्हणतात, आणि त्या "हं"चा अर्थ लावण्यात आमचा वेळ चांगला जातो. तुझं बीपी कसं आहे? हे मी उगाच रीत म्हणून विचारत नाहीये. त्या दिवशी आईशी फोनवर बोलताना ते वर गेलं होतं असं मामी म्हणाली. आईचंही गेलं असणार, पण आमच्याकडे मोजायचं यंत्र नाही, त्यामुळे आम्ही शिवणयंत्राच्या आवाजावरून अंदाज बांधला. त्या दुपारी मशीन असं काही धावलं की खालच्या मजल्यावरचे आजोबा जिना चढून आले आणि विचारून गेले, रस्ता खोदताय का घरात.

तर त्या फोननंतर इकडे काय काय झालं ते सांगायला हे पत्र. फोनवरच सांगितलं असतं, पण तू मध्येच "थांब, आधी सांग, तू कुठलं बटण दाबलंस" असं विचारतोस, आणि मग गोष्ट राहते बाजूला आणि बटणच पुढे येतं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. तुला माहीत असलेलंही परत सांगणार आहे, कारण शाळेत बाई म्हणायच्या की माझा निबंध कायम मधूनच सुरू होतो. (त्यांना कुठे माहीत होतं की पहिलं पान मी विमान करून उडवलेलं असायचं.)

आई नाटक कंपनीचे कपडे शिवते. राजे, शिपाई, भुतं, विधवा, पोस्टमन, सगळ्यांचे. कापड कापण्याआधी ती खाकी कागदावर बाही, पाठ, कॉलर असे एकेक आकार आखते, त्याला पॅटर्न म्हणतात, आणि तिच्या पॅटर्नमध्ये जी जादू आहे ती अशी की ती अंगाला बघून आखते, नुसत्या मापाला बघून नाही. आता कंपनीत नवा मॅनेजर आलाय. त्याने फार गोड आवाजात सांगितलं की यापुढे कापायचं काम मोठ्या कारखान्यात मशीनवर होईल, तेव्हा कागदाच्या गुंडाळ्या नकोत, पॅटर्न कम्प्युटरवरून पाठवा, आणि ज्यांना जमणार नाही त्यांनी मोकळेपणाने सांगावं, नवं नाटक आम्ही दुसऱ्या कोणाकडे देऊ. आई घरी आली. बसली कात्रीला धार लावत. ती गप्प राहून कात्रीला धार लावते तेव्हा बाबासुद्धा पेपर खाली ठेवतात, एवढं तुला पुरे.

तुला कळलं, आणि तू लगेच तुझ्या ऑफिसातला जुना कम्प्युटर पाठवून दिलास, त्यात तुझी लाडकी लिनक्स सिस्टीम घालून, वर्षाचे कप्पे, त्यात महिन्याचे कप्पे, त्यात गिऱ्हाइकाचे कप्पे करून. ह्याबद्दल आम्ही सगळे तुझे आभारी आहोत, आणि हे मी चिमटा न काढता लिहितेय. आईने पॅटर्न आखायचा प्रोग्रॅम शिकून घेतला. पोरीबाळींना विचारत, चष्मा वर-खाली करत, पण शिकली. मग तिने राजाच्या कोटाची बाही आखली. आणि आखून झाल्यावर तिने तेच केलं जे आयुष्यभर करत आलीय. गळ्यातली टेप काढली आणि पडद्याला लावली. पडद्यावर चित्र लहान करून दाखवलेलं होतं, हे तिला कोण सांगणार. टेप म्हणाली बाही आखूड आहे. आईने टेपचं ऐकलं आणि टेपवरचं माप जुळेपर्यंत बाही ओढून ओढून लांब केली. कारखान्यातल्या मशीनने बिचाऱ्याने जे सांगितलं ते कापलं. मॅनेजरने फोटो पाठवला, त्यात एक माणूस बाहीचं एक टोक धरून उभा, दुसरा माणूस दुसरं टोक धरून उभा, आणि मध्ये बाहीला झोळ. त्या बाहीत राजा, त्याचे दोन शिपाई आणि एखादी दासी असा सगळा दरबार राहिला असता.

आईने तुला फोन केला. विचारायला केला होता, की टेपशी पडद्याचं का जुळत नाही. आणि तू हसलास. (मीही हसले होते, पण न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून. ह्याला म्हणतात अनुभव.) हसून झाल्यावर तू म्हणालास, "ताई, पडद्याला कोणी टेप लावतं का? राहू दे, तुला नाही जमायचं. मी कोणाकडून तरी करून देतो." शेवटचं वाक्य मदतीचं होतं हे मला माहीत आहे. पण आईला मधलंच वाक्य ऐकू आलं आणि तिने फोन ठेवला. मग ते शिवणयंत्र धावायला लागलं. संध्याकाळपर्यंत तुझ्या कम्प्युटरला खोळ तयार. जाड निळं कापड, कडेने पांढरं पायपिंग, मागे बटणांची रांग, आणि काजं इतकी घट्ट की कम्प्युटर उघडायचा विचार करणाऱ्याचा विचारच बदलावा. आमच्या घरात रागाने इतकी सुबक वस्तू पहिल्यांदाच बनली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "चिमटे, ह्यातली त्याची सिस्टीम काढ. दुसरी कुठली तरी घाल. त्याचं काही नको मला." मी म्हटलं, आई, कम्प्युटरचा डबा पण त्याचाच आहे. तर म्हणाली, "डबा राहू दे. डबा काही बोलला नाही मला."

आता मी कोण, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फुटक्या काचा बदलणारी, बारावीला दोनदा बसून दोनदा उठलेली मुलगी. पण दुकानाच्या मालकाला (आम्ही त्याला पक्कड म्हणतो, कारण तो हातात घेतलेली गोष्ट सोडत नाही, पगारसुद्धा) कम्प्युटरचंही थोडं कळतं, आणि मला बिघडवायला भीती वाटत नाही, तेव्हा दोघांचं मिळून एक इंजिनियर होतं. तुझ्या भाषेत नाही, माझ्या भाषेत सांगते. सिस्टीम म्हणजे कम्प्युटर चालू केल्यावर आपण ज्या घरात शिरतो ते घर. दार कुठे, चपला कुठे काढायच्या, भांडी कुठल्या फळीवर, हे सगळं ती ठरवते. काही घरं बांधून तयार मिळतात, आपण फक्त पडदे बदलायचे. काही घरांच्या भिंतीसुद्धा आपल्याला हलवता येतात, फक्त छप्पर डोक्यावर आलं तर कोणावर ओरडायचं ते आधी ठरवून ठेवावं लागतं.

पहिल्यांदा पक्कडने तयार घरांपैकी सगळ्यांकडे असते ती घालून दिली. तिच्यात वाईट काहीच नव्हतं. आपल्या बँकेत, शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे तीच असते, आणि झालं तेच. आई तिच्यासमोर अशी सावरून बसायला लागली जशी कोणाच्या ऑफिसात सही घ्यायला गेलीय. काही दाबायच्या आधी माझ्याकडे बघायची. मी स्वयंपाकघरात असले तर तिथून हाक, "दाबू का गं?" मी म्हणायची दाब. "नक्की ना?" काही दिवसांनी तिने आपणहून सांगितलं, "चांगली आहे बिचारी, पण मी हिच्याकडे पाहुणी आहे. पाहुणीकडून कापाकापी होत नाही."

मग आम्ही कंपनीत जो पडदे रंगवतो त्या चित्रकाराकडे गेलो. त्याच्याकडे ती देखणी, महागातली, जी फक्त स्वतःच्याच डब्यात राहते. तेव्हा घ्यायचा प्रश्न नव्हता, आम्ही नुसत्या बघायला गेलो होतो, दागिन्यांच्या दुकानात जातात तसं. सगळं गुळगुळीत. खिडकी बंद केली की अशी लाजत खाली जाते. चित्रकार कौतुकाने दाखवत होता, आणि आई हात मागे बांधून बघत होती. घरी येताना म्हणाली, "फार सुंदर. पण तिथे खडू सांडला असता तर?" (कापडावर आखायचा खडू. तो आईच्या हातात, केसात, चहाच्या कपात, सगळीकडे असतो.) मी म्हटलं कम्प्युटरमध्ये खडू सांडत नाही. ती म्हणाली, "माझा सांडतो."

तेव्हा मी भिंती हलवता येणाऱ्या घरांकडे वळले. इंटरनेटवर विचारलं, माझ्या आईला कुठली सिस्टीम बरी पडेल. मामा, तुम्ही सिस्टीमवाले लोक एकमेकांशी असे का बोलता रे? मी एक साधा प्रश्न विचारला, आणि खाली माणसं एकमेकांची उणीदुणी काढायला लागली. एक म्हणाला अमुक घाल, दुसरा म्हणाला अमुक घालणाऱ्यांना अक्कल नसते, तिसरा म्हणाला मी माझी स्वतः शून्यातून बांधली, चौथ्याने विचारलं, मग आता तुम्ही तिच्यावर काय काम करता, तर तिसरा त्यानंतर दिसलाच नाही. आई काय काम करते हे मात्र एकानेही विचारलं नाही. मी एकामागून एक घालून बघितल्या. एकीत खिडक्या आपोआप फरशांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात, एकीवर एक कधीच नाही. मला वाटलं हे जमलं, किती नीटनेटकं. आई दचकलीच. म्हणाली, "माझ्या टेबलावर कापडावर कापड असतं. कोण वर, कोण खाली, त्यावरून तर मला कळतं घाई कशाची आहे." एकीत मी खालची पट्टी डावीकडे न्यायला गेले आणि पट्टीबरोबर बाकीचं सगळंच गेलं. काळाभोर पडदा आणि त्यात एकटा बाण. आईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, विचार करतोय. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू आणि तो, दोघं विचार करा. मी भात टाकते."

आणि मग मी एक गंमत केली. मला राहवलं नाही, तुला माहीतच आहे माझा हात कसा आहे. मी आईच्या कापायच्या टेबलाचा वरून फोटो काढला, कात्री, टाचण्यांची डबी, खडू, अर्धी कापलेली पाठ, सगळ्यासकट, आणि तोच कम्प्युटरच्या पडद्यावर पसरून ठेवला. आई आली, बसली, आणि खूश झाली. म्हणाली, "अगं, हे तर माझंच." मग तिने बाण कात्रीवर नेला, आणि कात्री बाजूला सरकवायला गेली. सरकेना. परत धरली. सरकेना. टाचण्यांच्या डबीला हात घातला. मी दाराआड उभी राहून पोट धरून हसत होते. शेवटी आवाज फुटलाच. आई वळली. मला वाटलं टेप फेकून मारेल. मारलीच असती तर बरं झालं असतं. तिने नुसता चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाली, "हसलीस ना. तोही असाच हसला."

आणि उठून गेली. खोळ घातली. सगळी बटणं लावली, एकेक करून.

मामा, मी माणसांना फसवण्यात वाकबगार आहे, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नवीन नाटकाचे पॅटर्न द्यायची तारीख जवळ येत होती. मॅनेजरचा गोड आवाज फोनवर एकदा येऊन गेला होता. आई त्याला म्हणाली, बघते, आणि मला म्हणाली, "दुसऱ्या कोणाला देऊ दे आता. राजांना काय, कोणीही कपडे घालेल." हे ती स्वतःशी बोलल्यासारखं बोलली. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला ती कायम विंगेत उभी राहते हे तू पाहिलंयस. लोक नटाच्या तोंडाकडे बघतात, ही बगलेकडे बघते. तिथे आता दुसरी कोणी बाई उभी राहणार होती.

दुसऱ्या दिवशी मी पक्कडला सांगितलं पोट दुखतंय, आणि घरी राहिले. एक स्टूल घेऊन आईच्या खोलीत बसले आणि नुसती बघत राहिले. ती म्हणाली, "काय आहे?" मी म्हटलं, काही नाही, बघतेय. "माझ्यात बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, ते बघितल्यावर कळेल. तिने मान हलवली आणि कामाला लागली. मी जन्मापासून त्या खोलीत आहे, पण हे मला पहिल्यांदा दिसलं. आई डावखुरी आहे हे आपल्याला माहीत आहे, पण ती डाव्या हाताने कापते तेव्हा तिचं सगळं जगच उजवीकडून डावीकडे चालतं, कापड उजवीकडून येतं, झालेलं डावीकडे जातं. आत्ताचं काम टेबलावर. अंगावर घालून बघायचं असेल ते दाराच्या खिळ्यावर. जे पुरं झालं ते पेटीत. आणि जे बिनसलंय, चुकतंय, ऐकत नाहीये, ते टेबलाखाली. रागाने ढकलते पायाने. मी विचारलं, ते तिथे का? तर म्हणाली, "बसू दे जरा अंधारात. सुधारतं." आणि खरंच, दोन कपडे शिवून झाल्यावर खाली वाकते, ते बाहेर काढते, आणि तोवर तिला कळलेलं असतं काय चुकलं ते. कुठल्याही कागदावर तिने तारीख घातलेली नाही की गिऱ्हाइकाचं नाव. टाचणीने चिठ्ठी लावते, त्यावर "राजाचा पडका खांदा", "लठ्ठ शिपाई", "खोकणारी राणी". (राणीचं काम करणारी बाई खोकते तेव्हा तिच्या पाठीची शिवण ताणते, म्हणून तिथे आई चिमूटभर सैल ठेवते. हे त्या राणीलाही माहीत नाही.) आणि तू तिला वर्षाचे आणि महिन्याचे कप्पे करून दिले होतेस. तिला मुळी महिना आठवत नाही रे, खांदा आठवतो.

मग मी भिंती हलवल्या. सगळं डावीकडे नेलं, माऊस, पट्टी, खिडकी बंद करायची फुली, सगळं. आणि एका पडद्याच्या जागी चार पडदे केले, एकाला नाव टेबल, एकाला दार, एकाला पेटी, आणि चौथा टेबलाखाली. कीबोर्डवरचं एक मोठं बटण दाबलं की समोरची खिडकी धाडकन टेबलाखाली जाते. आईला ते बटण फार आवडलं. पहिल्या दिवशी तिने ते दाबून कॉलर ढकलली, लठ्ठ शिपाई ढकलला, मॅनेजरचं पत्र ढकललं. कम्प्युटर काही चुकलं की जो टिंग आवाज करतो, तो मी काढून टाकला आणि त्याजागी आईचाच "च्च" रेकॉर्ड करून घातला, भाजी चिरताना मी बोट कापून घेते तेव्हा ती करते तो. पहिल्यांदा वाजला तेव्हा तिने मागे वळून बघितलं आणि मला विचारलं, "कोणाचं काय चुकलं?" आता तिला सवय झालीय. कम्प्युटर च्च म्हणाला की तीही त्याला च्च म्हणते, आणि मग दोघं पुढे जातात.

आणि आता टेप. तू म्हणाला होतास, पडद्याला कोणी टेप लावतं का. मी तिच्या गळ्यातली टेप घेतली, पडद्याला लावली, आणि पडद्यावर एक पट्टी आखून ती टेपवरच्या इंचाशी जुळेपर्यंत आकडे बदलत बसले. बऱ्याच वेळा चुकलं, च्च, च्च, च्च, पण शेवटी जुळलं. आता एक बटण आहे, ते दाबलं की पडद्यावरचं चित्र खऱ्या मापात येतं. कॉलर असेल तर अख्खी दिसते, बाही असेल तर तुकड्या-तुकड्याने सरकवत बघायची, पण इंच म्हणजे इंच. मी आईला म्हटलं, लाव टेप. ती नको म्हणाली. मी म्हटलं, लाव गं, मी हसणार नाही. तिने लावली. बराच वेळ धरून ठेवली. वरून बघितलं, खालून बघितलं, चष्मा काढून बघितलं. मग टेप गळ्यात टाकली आणि म्हणाली, "हां. आता हा खरं बोलतो."

बस. सिस्टीम तिथेच निवडून झाली, मामा. तुम्ही लोक वेग बघता, सुरक्षा बघता. तिने टेप लावून बघितली.

राजाच्या कोटाचा पॅटर्न गेला. कोट कारखान्यातून कापून आला. आईने शिवला. नटाने अंगात घातला, आरशासमोर उभा राहिला आणि तलवारीचा हात वर केला. आई त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. बगलेत एक सुरकुती पडली नाही, आणि पडका खांदा दुसऱ्या खांद्याच्या बरोबरीने उभा. मॅनेजर म्हणाला, आता कसं. घरी येऊन आईने माझ्या डोक्यावर टपली मारली, आणि तिच्या टपलीचा अर्थ मला बाबांच्या "हं"पेक्षा बरा कळतो. सगळं नाटक तिच्याकडेच आहे. आत्ता ती लठ्ठ शिपायाला टेबलाखालून बाहेर काढतेय.

तर असं आहे सगळं. मामीला नमस्कार सांग. गुडघ्याला शेक दे. पत्र संपलं.

तुझी,
चिमटी

ता. क. संपलं नाही. पत्र लिहायचं खरं कारण पुढे आहे, वर नुसती हवा केली. कोट झाला त्या दिवशी आईने त्याचा फोटो काढला आणि म्हणाली, "त्याला दाखवायला हवा." मी म्हटलं, पाठव. तर म्हणाली, "नको. तो कामात असेल." आणि फोन उपडा ठेवला. नंतर मी बघितलं, तर कोटाचा फोटो तिने कम्प्युटरमध्ये ठेवलाय, आणि तो पेटीत नाही, टेबलावर आहे. म्हणजे तिच्या हिशोबाने अजून काम राहिलंय. ती आपणहून फोन करणार नाही, ती मोठी बहीण आहे. तेव्हा तू कर. पण माफीबिफी मागू नकोस, माफी मागितलीस तर ती रडेल आणि इस्त्री कापडावर तशीच राहील. तू असं कर. फोन कर आणि सांग, ताई, माझ्या कम्प्युटरचं काहीतरी झालंय, सगळं उजवीकडे गेलंय, काही सापडत नाहीये, तुझ्याकडे कसं आहे ते जरा सांगतेस का. ती सांगेल. सांगताना तुला ठोंब्या म्हणेल, ते ऐकून घे. मध्ये "थांब, तू कुठलं बटण दाबलंस" असं चुकूनही विचारू नकोस. तुला फक्त न जमल्याचं नाटक करायचंय, आणि तू ऑफिसात साहेबापुढे ते रोज करतोस असं मामी म्हणते.

ता. क. आणखी एक. तिला सांगू नकोस, पण ही सिस्टीम तुझीच आहे. मी ती काढलीच नव्हती, बाकीच्या आजमावताना नुसती एका बाजूला सरकवून ठेवली होती. भिंती हलवायच्या तर तुझ्यासारखी दुसरी मिळेना. पाया तुझा, भिंती माझ्या, राहणारी ती. आईला मी सांगितलंय की ही पक्कडच्या ओळखीतल्या एका माणसाने नवीन बनवलीय. तिचा विश्वास बसलाय. शपथ घालते, फोनवर बोलून जाऊ नकोस.

ता. क. ठोंब्या, मी ताई. पत्र कम्प्युटरवर उघडं टाकून ही दुकानात पळाली आणि मला राणीची पाठ पाठवायची होती, म्हणून बसले, तर समोर हे. सगळं वाचलं. खाली मी लिहिलंय हे तिला कळणार नाही, ती आपलं लिहिलेलं परत वाचत नाही, म्हणून तर बारावीला ते झालं. तसंच पाठवून देईल. सिस्टीम तुझी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. चालू केली की आधी तुझंच नाव येतं, ते पुसायला ही विसरली. मी म्हटलं, असू दे. तेवढं एक बरं वाटतं सकाळी. आता ते फोनचं. तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून तुझा आवाज चिरकतो, मी फोन उचलल्या उचलल्या ओळखीन. तरी पण तिने सांगितलंय तसंच कर. म्हण काही सापडत नाही. मी तुला पहिल्यापासून सगळं सांगीन, सावकाश, आणि मला काही कळलेलं नाही असंच दाखवीन. दुपारी कर, तेव्हा मशीन बंद असतं. आणि चिमटीला ह्यातलं काही बोलू नकोस, तिला वाटू दे तिने जमवलं.